कामरेजच्या कुंडात ‘दम धरा’

खरं तर मी जाणारच नव्हते. पण पत्रकात महादेवाचं दर्शन आणि दमेकऱ्यांसाठी श्वास-साधना, दोन्ही एकाच दिवसात असं छापलं होतं. आमचे हे इथे सुरतेत पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये रंगाच्या वाफेत उभे राहून राहून हल्ली जिना चढतानाही मध्येच थांबतात. म्हटलं, गुण नाही आला तरी दर्शन पदरात पडेल. सुट्टीवर आलेली आमची रोहिणी, नर्सिंगला आहे, तीही निघाली.

जाणार असाल तर गोडादऱ्याहून सकाळची सिटी बस धरा, कामरेज चार रस्त्याला उतरा. पुढे शटल, म्हणजे माणशी भाड्याची रिक्षा. बसायच्या आधी भाडं ठरवा. नारळ घरून न्या, देवळाबाहेर दुप्पट सांगतात. देऊळ मात्र शांत. तापीचा वारा थेट गाभाऱ्यापर्यंत येतो. ओट्यावर बसून आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, कारण शिबिराच्या जेवणाचे पैसे वेगळे होते.

शिबिर जवळच्याच एका वाडीत. छातीएवढ्या पाण्याचं कुंड, काठावर माईक घेतलेले गुरुजी. आधी भराभर खोल श्वास घ्यायला लावायचे, मग डुबकी. म्हणे, श्वास घ्यावासा वाटणं ही मनाची चंचलता, जो आधी वर आला त्याची श्रद्धा कच्ची. पहिल्या फेरीत हे बराच वेळ खाली राहिले. टाळ्या पडल्या आणि यांची मान ताठ झाली.

रोहिणीचा चेहरा उतरला. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं ते माझ्या दहावीच्या डोक्यालाही कळलं. श्वास कोंडला की रक्तात खराब वायू साठतो, कार्बन डायऑक्साइड. मेंदूच्या देठाला तो कळतो आणि तो हुकूम सोडतो, श्वास घे. आधी भराभर श्वास टाकले की हा वायू निघून जातो, म्हणून हुकूम उशिरा येतो. पण ऑक्सिजन काही वाट बघत नाही, तो संपत जातो. “मम्मी, माणसाला घुसमटल्यासारखं वाटतच नाही. तो पाण्यात बेशुद्ध पडतो.”

तेवढ्यात दुसरी फेरी सुरू झाली. मी काठावरून ओरडले, “अहो, दम धरा!”

आमच्या घरी दम धरा म्हणजे थांबा. यांना वाटलं, बायको जोर देतेय. हात वर केला आणि गेले खाली.

एकेक डोकं वर आलं. यांचं नाही. पाण्यावर बुडबुडेही येईनात. मी लुगड्यासकट उडी टाकली, बनियन धरून ओढलं, रोहिणीने काखेत हात घातले. काठावर आल्यावर एक मोठा श्वास आत गेला, आपला आपण.

“काय व्हयनं वं?” हे विचारतात. “माले ते काहीच वाटनं नही. बरं वाटी ऱ्हायंतं.”

ते ‘बरं’ ऐकलं आणि मी यांचं बनियन आणखी घट्ट धरलं. गुरुजी माईकवरून म्हणाले, समाधी लागली होती.

“मग आता तुम्ही उतरा,” मी म्हटलं. “मी बसते काठावर टाळ्या वाजवायला.”

उतरले नाहीत. वर पुढच्या शिबिराचं पत्रक माझ्या ओल्या हातात कोंबलं!

रोहिणीने हट्टाने यांना कामरेजच्या दवाखान्यात नेलं. तपासणी होईपर्यंत शेवटची बस गेली, येताना पूर्ण रिक्षा करावी लागली. त्याचं मला काही नाही. राग वेगळाच आहे. देवाने आपल्या आत एक राखणदार बसवलाय, झोपेतही तो जागा असतो. त्यालाच बाहेर काढायचं आणि वर श्रद्धा कच्ची म्हणायचं? हा देवाचाच अपमान. तापीला जा, देवळात जा. पण पाण्याआधी भराभर श्वास घ्यायला कोणी सांगितलं, तर तिथूनच मागे फिरा.

घरात आता ‘दम धरा’ बंद. मी सरळ ‘थांबा’ म्हणते. संध्याकाळी दिवा लावताना हे माझ्या मागे बसतात. मी आरती जरा हळूच म्हणते, मागचा श्वास ऐकू यावा म्हणून.