भाडेकरूच्या घरचा चहा

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. मी पेणचा, रोह्यात पहिलीच चाळ विकत घेतोय. जुने भाडेकरू काढून खोल्या कंपनीतल्या पोरांना द्यायच्या, हे मी एजंटला सांगितलेलं. हा माणूस प्रत्येक दारात चप्पल काढतो, दर वाक्याला "व्हय ना?" विचारतो आणि उत्तराला कधीच थांबत नाही.

आज पहिल्या खोलीतल्या मावशींनी विचारलं, "आमाला काढणार नाय ना?"

मी एजंटकडे बघितलं. त्याने मावशींनी केलेला चहा माझ्या हातात दिला.

"मावशे, घाबरू नको गो. मालक भाडेकरूच्या घरचा चहा प्यायला की शब्द झाला. व्हय ना?"

या वेळी तो थांबला. सगळ्या दारांत माणसं उभी होती. मी प्यायलो.

तुमच्याकडून कधी कुणी असा शब्द काढून घेतलाय का?