लाल टोक, निळं टोक

कम्प्युटरच्या पडद्यावरचा लाल रंग म्हणजे धन भार आणि निळा म्हणजे ऋण, असं मी एमएस्सीच्या भरल्या वर्गाला ठणकावून शिकवलं. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. स्कूटरच्या बॅटरीची लाल वायर आठवली असेल.

देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता आणि हैदराबादेत गल्लोगल्ली कम्प्युटरचे क्लास निघत होते. आमच्या रसायन विभागालाही एक यंत्र मिळालं. त्यावर रेणू गरागरा फिरत, इलेक्ट्रॉन कुठे वावरतात त्याचे रंगीत फुगे दिसत. मी हरखलेच. चाळिशीची प्राध्यापक बाई, पण माउस धरायची तो तव्यावरच्या भाकरीसारखा, दोन बोटांनी.

त्या दिवशी पडद्यावर ब्यूटाडाइन होतं. चार कार्बनांची साखळी, दोन्ही टोकं अगदी सारखी. एका टोकाचा वरचा फुगा लाल, दुसऱ्याचा निळा. काचीगुड्याहून येणारी, माझ्याशी मराठीत बोलणारी एक मुलगी उठली. टोकं सारखीच असतील तर एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण भार कसा, म्हणाली. मी आवाज चढवला. यंत्र काय खोटं बोलतंय? एवढं कळत नसेल तर केमिस्ट्री सोड. ती खाली बसली. केमिस्ट्री सोडून कम्प्युटर शीक, असा तिच्या वडिलांचा, नानांचा, घरी आधीच धोशा होता. मला ते माहीत होतं, तरी बोलले.

मग मीच घोळात पडले. पोळ्या लाटतानाही ती दोन टोकं डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी रिकाम्या वर्गात यंत्रापुढे बसले, तर चुकून कुठलंसं बटण दाबलं गेलं. लालाचं निळं झालं, निळ्याचं लाल, आणि रेणू होता तसाच. भार असा उलटतो होय? पुस्तक काढलं. रंग भाराचे नव्हतेच, इलेक्ट्रॉनच्या लाटेचे होते. कुठे चढ, कुठे उतार. त्यातही चढ कुठल्याला म्हणायचं ते आपणच ठरवायचं! खरं सांगते, निम्मं तेव्हाही डोक्यावरून गेलं. पोरगी बरोबर होती, एवढं मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तसं सांगितलं. वह्यांत खाडाखोड झाली. तास संपल्यावर तिला थांबवलं आणि म्हटलं, आता केमिस्ट्री सोडायची नाही. ती पडद्याकडेच बघत होती.

"हौ मॅडम, पण मला वाटलं मलाच येत नाही. काल नानांनी कम्प्युटरच्या क्लासात नाव घातलं, अन् मी नक्को म्हटलं नाही."