आमचं गाव अजून एक वर्ष गावच राहू दे

परवा रविवारी सकाळी दहाला आमच्या कॉलनीच्या पार्कमध्ये मीटिंग होती आणि ती मीच बोलावली होती. विषय एकच... आपलं गाव पंचायतीतून काढून शहरात घ्या, असा अर्ज. सोमवारी तो महापालिकेच्या ऑफिसात द्यायचा होता.

आधी थोडं सांगते. माझा जन्म भर शहरातला, गौलीगुड्यातला, नोकरी सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं रिंग रोडच्या बाहेर घर बांधून इथे आलो. हवा छान, सकाळी मोर दिसतात... पण रस्त्यावर दिवा नाही, पाणी टँकरचं, आणि कचऱ्याची गाडी आली तर सणच!

पंचायतीची घरपट्टी, इथल्या भाषेत इंटि पन्नू, अगदी किरकोळ. मी म्हटलं, शहराचा टॅक्स भरू, पण शहरासारखं जगू. चार महिने घरोघर फिरले. माझं तेलुगू तोडकंमोडकं असलं तरी दखनीत मी कुणालाही पटवते... सह्या भराभर झाल्या. अर्ज वेळेत आला तर तुमचं गाव याच यादीत घेऊ, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं पालिकेतल्या साहेबांनी सांगितलं होतं.

जुन्या गावातले लोक मात्र काही केल्या सही करेनात. टॅक्स वाढेल म्हणून रडताहेत, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. खोटं कशाला बोलू, जरा तोऱ्यातच सांगत होते.

शनिवारी संध्याकाळी गावातल्या सरकारी शाळेच्या पद्मा टीचर घरी आल्या. सोबत स्वप्ना. ही आमच्या कॉलनीच्या गेटपाशी इडलीची गाडी लावते, आठवड्यातून तीनदा आमचा नाश्ता तिच्याकडचाच. मी चहा टाकला आणि मनात म्हटलं, आल्या टॅक्सचं रडगाणं घेऊन...

टीचरनी पर्समधून एक कागद काढला. केंद्र सरकारच्या एका निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची माहिती होती. सहावी ते बारावी राहणं, जेवण, शिकणं सगळं फुकट, आणि बहुतेक जागा खेड्यातल्या मुलांसाठी. त्या जागांसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं मूल खेड्यातल्या शाळेत शिकलेलं हवं. "मॅडम, एक दिन भी शहर के इस्कूल में गिने तो बच्ची शहर की हो जाती," टीचर म्हणाल्या.

स्वप्नाची श्रावणी पाचवीत आहे. शाळेत पहिली येते, परीक्षेचा फॉर्म भरून झालाय. शाळा तीच, फळा तोच, टीचरही त्याच... पण वर्ष संपायच्या आत माझा अर्ज मंजूर झाला, की ती कागदावर शहरातली मुलगी. मग तिची गाठ कारमधून कोचिंग क्लासला जाणाऱ्या मुलांशी, आणि तीही उरलेल्या मोजक्या जागांसाठी.

मी विचारलं, अगं, आधी का नाही सांगितलंस? स्वप्ना खाली बघत म्हणाली, "आप लोगां लाईट के वास्ते कर रए थे, अम्मा... हम कैसा बोलना?"

चार महिने मी हिच्याच गाडीपाशी उभी राहून, हिच्याच इडल्या खात, सह्या गोळा करत होते. लाज वाटली हो... अगदी मनापासून लाज वाटली.

रविवारी मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि सरळ सांगून टाकलं. अर्ज उद्या जाणार नाही. शाळेचं हे वर्ष संपलं की मी स्वतः नेऊन देईन. कारणही सगळं नीट सांगितलं.

एकच गलका झाला. पहिली सही करणारे आमच्या शेजारचे श्रीनिवास सार सगळ्यात जास्त भडकले. "एक बच्ची के वास्ते पूरी कॉलनी अंधेरे में बैठना क्या?" त्यांचंही चुकत नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांच्या मिसेस त्याच अंधाऱ्या रस्त्यावर पडल्या, हात अजून प्लास्टरमध्ये आहे.

मी म्हटलं, सार, दिवा हवाय ना... मग त्यासाठी शहराची वाट कशाला बघायची? प्रत्येकानं आपल्या गेटवर एक बल्ब रस्त्याकडे तोंड करून लावायचा. सुरुवात तुमच्या गेटपासून करू, आजच संध्याकाळी, वायरमन मी आणते.

सार खाली बसले. मग म्हणाले, "नेक्स्ट इयर पक्का ना, मॅडम?" मी म्हटलं, हौ, पक्का. तिघं रागावून उठून गेले, एकानं व्हॉट्सॲप ग्रुप सोडला... बाकीच्यांनी मान डोलावली. संध्याकाळी आमच्या गल्लीत सात दिवे लागले.

पद्मा टीचरना मी सगळ्यांसमोर थँक्यू म्हटलं. चार महिने माझं तोंडच बंद होत नव्हतं, तरी त्या दार वाजवून आल्या, हे काही कमी नाही.

सोमवारी सकाळी गाडीवर गेले तर स्वप्नानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मी बळंच तिच्या डब्यात टाकले. मग हळूच तिनं विचारलं, "और बच्ची फेल हो गई तो, अम्मा? सब आप को बोलते..."

मी म्हटलं, बोलू देत. पेपर अवघड गेला म्हणून राहिली, तर आपण दोघी मिळून रडू, आणि दुसरी शाळा शोधू. पण माझ्या अर्जापायी राहिली असती ना स्वप्ना, तर तुझ्या हातची इडली मला जन्मात गेली नसती.