मेजरांची गाडी विकायला काढली तेव्हा

आमच्या दारातली गाडी बघितली की नवखा माणूस दोन प्रश्न विचारतो. "अजून चालतीय व्हय ही?" आणि "परवडतंय का तुमाला?" पहिल्याला आमचे हे उत्तर देतात. दुसऱ्याला मी देते, आणि फटकन देते. नाही परवडत. गेल्या काही वर्षांत तिच्या पोटात जेवढं घातलं, तेवढ्यात माझ्या स्वयंपाकघराला वरपासून खालपर्यंत फरशी लागली असती. आता बोला!

हे फौजेत ड्रायव्हर होते. लडाखच्या घाटांत, बर्फात, कुठं कुठं मोठाल्या गाड्या चालवल्या आणि पेन्शनवर कुंडलला आले. हातात आलेल्या पैशातून पहिली खरेदी केली ती ही उंच, सात जणांची डिझेल गाडी. तेव्हापासून गाव ह्यांना मेजर म्हणतं. आमच्याकडं फौजेतून हवालदार आला काय नि स्वयंपाकी आला काय, तो मेजरच. मीटर कधीच तीन लाखांच्या पुढं गेलं. गल्लीतल्या किती नवऱ्या ह्या गाडीतून उतरल्या, सुट्टीवर आलेली किती पोरं स्टेशनावरून घरी आणली, म्हसवडच्या सिद्धनाथाला किती खेपा झाल्या, देव जाणे. रोज सकाळी चहाच्या आधी हे बॉनेट उघडणार, ऑइलची पट्टी पुसून बघणार, पाणी बघणार, चारी चाकांना थापट्या मारणार. फौजेत ह्याला फर्स्ट परेड म्हणतात म्हणे. मी म्हणायची, "आवं, सवतीचं झालं असंल तर जरा हिकडं बी बघा." हे म्हणायचे, "तुझं काय गळत न्हाई, म्हणून बघत न्हाई."

मग दोन गोष्टी एकदमच आल्या. ह्यांना काचबिंदू निघाला. सांगलीच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. समोरचं दिसत राहील, बाजूचं हळूहळू जाईल, गेलेलं परत येणार नाही, थेंब घालून उरलेलं जपायचं. गाडी चालवणं बंद. हे "ओके सर" म्हणाले, बाहेर आले आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. त्या दिवशी भाड्याचा ड्रायव्हर बोलावून आम्ही दोघं मागं बसून घरी आलो.

आणि त्याच सुमाराला गाडी काळा धूर टाकायला लागली, ऑइल प्यायला लागली. मेस्त्री म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. त्यानं सांगितलेला खर्च मी दोनदा विचारून घेतला. गाडी विकली तर तेवढेच यायचे.

मुलगी पुण्याला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, बाबा चालवणार नाहीत, मग एवढा खर्च कुणासाठी? विकून टाका. छोटी गाडी घ्या, तू चालव." पोरीचं चुकलं कुठं होतं? मी पन्नाशी उलटल्यावर पलूसच्या मोटार ट्रेनिंगमध्ये छोट्या गाडीवर शिकले होते, लायसनसुद्धा काढलं होतं. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "विकूया की. तुला झेपंल अशी घे." एवढंच. पण फर्स्ट परेड चालूच. उभ्या गाडीचं ऑइल रोज सकाळी बघायचे. मला असा राग यायचा म्हणून सांगू! वाटायचं, भांडा की जरा, आदळआपट करा. ही गाडी गेल्यावर ह्या माणसाचं काय उरणार, हा विचार माझ्या मनात येत होता आणि मी तो झाडून टाकत होते.

माझं माहेर कोरेगावचं. भावाच्या ओळखीनं तिथले एक आल्याचे व्यापारी गाडी बघायला आले. भला माणूस. त्यांना माल न्यायला दणकट बॉडी पाहिजे होती, इंजिनचं ते बघून घेणार होते. मुलीनं सकाळीच फोन करून बजावलं होतं, "आई, बाबांना बोलू देऊ नकोस हं. ते सगळं खरं सांगतील."

सांगितलंच! फौजेत गाडी एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडं जाते तेव्हा हँडिंग-टेकिंग होतं. देणाऱ्यानं गाडीतला बारीकसारीक दोषसुद्धा दाखवायचा, लपवला तर तो त्याच्या माथी. विकणं हा प्रकार ह्यांना ठाऊकच नव्हता, हँडिंग-टेकिंग ठाऊक होतं. त्या व्यापारी पाहुण्यांना घेऊन गाडीभोवती फिरायला लागले, पत्र्यावरून हात फिरवत.

"हितं आतनं गंज धरलाय, वरनं दिसत न्हाई. ह्या दाराचं रबर गेलंय, पावसात पाणी आत येतंय. हीटर बंद हाय. चौथा गिअर थंडीत जरा अडतोय, जोर करायचा न्हाई, थांबायचं."

मी मागून खाकरले. ऐकतोय कोण!

"आन् हा पोचा महापुरातला. पाण्याखाली दगडी कठडा होता. म्हाईत होतं मला, पर आत बाई अडली होती, थांबून चालणार नव्हतं."

"कुठली बाई?" मी विचारलं.

"भिलवडीकडची. बाळंतपणाची. गाडीतच झाली की मोकळी. तुला सांगितलं न्हाई व्हय तवा?"

नव्हतं सांगितलं. त्या पुरात हे चिखलानं माखून घरी आले होते आणि मी दारातच ओरडले होते, सीट कुणी खराब केल्या म्हणून. ह्यांनी मुकाट्यानं सीट धुतल्या होत्या. त्या गाडीत एक जीव जन्मला, ती गाडी माझ्या दारात इतकी वर्षं उभी, आणि मला पत्ता नाही. मी तोंडावर पदर धरून उभी राहिले.

पाहुणे हसायला लागले. "मेजर, आवं गाडी विकताय का मोडीत घालताय?" पण माणूस खूश होता. एवढं खरं बोलणारा मालक त्यांना कुठं मिळणार? म्हणाले, एक चक्कर मारून बघूया.

"तुमी चालवा," हे म्हणाले. "मला बाजूचं दिसत न्हाई." आणि पहिल्यांदाच ह्या गाडीच्या डाव्या सीटवर चढून बसले. मी मागं बसले. निघालो सागरेश्वराच्या चढाच्या बाजूला.

पुढं जे झालं ते मी अजून कुणाला धड सांगू शकत नाही.

थोडं अंतर गेल्यावर बघते तर ह्यांनी डोळे मिटलेले. मला वाटलं, वाईट वाटतंय. पाहुण्यांनी गिअर बदलायला जरा उशीर केला तसे हे डोळे न उघडता म्हणाले, "टाका तिसरा, तिला दम लागलाय." टाकला. गाडी मोकळी झाली, मलासुद्धा कळलं. मग म्हणाले, "म्होरच्या वळणाला डावीकडं रस्ता खचलाय. मधनं घ्या." वळण आलं, रस्ता खचलेला होता. "आता उसाचा ट्रॅक्टर येतोय. दोन ट्रॉल्या हायत, जागा द्या." आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. जरा पुढं गेलो आणि चढावरून ट्रॅक्टर उतरला, गाणी लावून, मागं दोन ट्रॉल्या ऊस. पाहुण्यांनी गाडी बाजूला घेतली आणि वळून ह्यांच्याकडं बघतच राहिले.

"मेजर, तुमाला दिसत न्हाई, हे नक्की ना?"

"तुमी रस्ता बघा," हे म्हणाले. "आन् मागच्या उजव्या चाकात हवा कमी हाय. सकाळी बरोबर होती. खिळा असंल."

वर जाऊन थांबलो. पाहुण्यांनी उतरून मागच्या चाकावर बोट फिरवलं. खिळा होता.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या माणसाला हल्ली ताटात डाव्या बाजूला वाढलेली चटणी दिसत नव्हती, दाराच्या चौकटीला ज्याचा खांदा रोज आपटत होता, त्याला इथं बसल्या जागी सगळं दिसत होतं. घरात मी त्यांचा हात धरत होते. इथं दोन डोळस माणसं त्यांच्या सांगण्यावर चालली होती. देवळातसुद्धा माझे हात असे आपोआप जोडले गेले नव्हते, त्या दिवशी मागच्या सीटवर जोडले गेले. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नव्या गाडीत बसवलं की हा माणूस आंधळा होणार. तिचा आवाज ह्यांना ठाऊक नाही, तिचा दम ठाऊक नाही. तिच्यात हे म्हणजे पट्टा लावून बसवलेलं गाठोडं. हिच्यात नाही.

घरी आलो. अंगणात उभ्या उभ्या पाहुण्यांनी भाव सांगितला, ह्यांनी "चालतंय" म्हटलं. हात मिळाले. आमच्याकडं दारातलं जनावर विकलं तर घरची बाई त्याला कुंकू लावते, पायावर पाणी घालते, मग त्याला सोडतात. बैल गेले, ट्रॅक्टर आले, गाड्या आल्या, रीत तीच राहिली. बाईनं कुंकू लावल्याबिगर घेणाराही हलत नाही. पाहुणे म्हणाले, "वहिनी, तेवढं कुंकू लावा. पंक्चर काढून घेतो आन् उजेडात घाट ओलांडतो."

मी आत गेले. ताट केलं. हळद, कुंकू, तांब्याभर पाणी. बाहेर आले. हे बॉनेटवर हात ठेवून उभे होते, चेहरा एकदम फौजेतला ओके रिपोर्ट, जसं काही बिघडलंच नाही. मी चाकापाशी गेले, बोट कुंकवात बुडवलं, आणि हात पुढं जाईना. जाईचना. पाहुणे बघतायत, शेजारीण कुंपणावरून बघतीय, आणि मी अशी उभी.

"मी न्हाई लावणार," मी म्हणाले. "गाडी द्यायची न्हाई."

"अगं, शब्द दिलाय मी!" हे म्हणाले.

"तुमी दिला, मी न्हाई दिला. आरसी बुकावर नाव माझं हाय."

खरंच होतं. पेन्शनचा पैसा हातात आला तेव्हा माझ्या नावावर ह्यांनीच घेतली होती, हौसेनं. पाहुणे बिचारे ताटाकडं बघत होते. चांगला माणूस, वाकडं बोलला नाही. चहा घेतला आणि एस. टी. धरून कोरेगावला गेला. माझ्या भावाला मात्र तिथं पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं, आणि भावानं ते सगळं व्याजासकट फोनवर मला ऐकवलं.

हे लय चिडले. मला भांडण पाहिजे होतं ना, मिळालं! जेवायला बसले, पण घास उचलेनात. "फौजीचा शब्द घालवलास तू. चार माणसांत माझी काय राहिली? आन् त्या इंजिनला पैसे घालून करायचं काय? चालवणार कोण?"

"मी चालवणार."

"ही? तुला? अगं, क्लच दाबता दाबता पाय भरून येतोय तिचा!"

"भरू दे. तुमी शेजारी बसा आन् सांगा." मग मी सगळं बोलून टाकलं. मागच्या सीटवर मला काय दिसलं ते. नव्या गाडीत तुम्ही आंधळे व्हाल, तेही. नवऱ्यापुढं आंधळा शब्द मी त्या दिवसापर्यंत उच्चारला नव्हता. बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. ह्यांनी ताट पुढं ओढलं. मग भाकरीचा तुकडा मोडला.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, हा वेडेपणा आहे." मी म्हटलं, हो, आहे. तिनं आकडे वाचून दाखवले, मी सगळे ऐकले. एकही खोटा नव्हता. आज इंजिन, उद्या गिअरबॉक्स, परवा आणखी काहीतरी, हे मलाही दिसत होतं.

चारच दिवसांत आम्ही इंजिनच्या कामाला सांगलीला निघालो. मी स्टेअरिंगवर, हे शेजारी. त्या सीटवर चढताना मला साडी खोचावी लागली. समोर एवढं मोठं बॉनेट, जसं काही मी माडीवर बसून रस्ता बघतीय. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत गाडी तीनदा बंद पाडली. पोरं हसली. हे हसले नाहीत. "क्लच सोड. हळू. आजून हळू. आता तीच जाईल, तू नुसती धर." आणि खरंच ती गेली! धूर सोडत का होईना, पण अशी सरळ निघाली की माझ्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

पलूस मागं पडलं. ह्यांचे डोळे मिटलेले. तिसरा, चौथा, थांब, आता टाक. पुढं गतिरोधक हाय, रंग उडालाय, दिसणार न्हाई तुला. माझे हात घामानं ओले, पण गाडी चालली होती. जरा वेळानं ह्यांनी डोळे उघडले, समोर बघितलं, मान डावीकडं वळवली, परत समोर केली.

"डाव्या अंगाला काय हाय गं?"

"काय म्हंजे?"

"शेतात. काय लावलंय औंदा?"

"आवं, मी रस्ता बघू का शेतं बघू?"

"रस्ता मी सांगतो," हे म्हणाले. "तू शेतं सांग."

माझ्या डोळ्यांपुढचा रस्ता क्षणभर धूसर झाला. मी वेग कमी केला, खिडकीची काच खाली घेतली.

"हळद हाय," मी म्हणाले. "लय दाट. पानं पिवळी पडायला लागलीत."

"आन् उजवीकडं?"

"ऊस. तोड चाललीय. बायका मोळ्या बांधत्यात, एकीनं लाल लुगडं नेसलंय. त्याच्या पलीकडं द्राक्षाची बाग."

"हं," हे म्हणाले आणि सीटला डोकं टेकलं. पार सांगली येईपर्यंत मी बोलत होते, आणि हे डोळे मिटून बघत होते.