तारेनं बांधलेलं झाकण

सुमनताई ढोबळे आमच्या शेजारच्या खोलीत राहते. नाणेकरवाडीत कंपन्यांच्या मागं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत, त्यातल्याच एका रांगेत. मूळची परांड्याकडची. नवरा चिमाजी एका गोदामावर वॉचमन. आवाज मोठा, चाल भराभरा, आणि हातात एवढा जोर की भिजलेली गोधडी एकटी पिळते. तिनं एका माणसाचा हात मोडला हे कळलं तेव्हा आमच्या रांगेत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. का मोडला, हे मात्र थोड्यांनाच नीट माहीत आहे.

चाकण–तळेगाव रस्त्यावरून आत गेलं की पत्र्याच्या शेडमध्ये मुकुंदशेठची लॉन्ड्री होती, सुमनताई तिथं कामाला होती. घरगुती कपडे तिथं येत नसत. कंपन्यांमधले ऑइलनं माखलेले कामगारांचे अंगभर बॉयलर सूट आणि हातमोजे पोत्यांनी यायचे. धुवायची दोन मोठी मशीन होती आणि पिळायचं एक. या पिळायच्या मशीनला सगळे हायड्रो म्हणत. कमरेएवढं स्टीलचं पिंप, आत भोकाभोकांचा डबा. डबा गरगर फिरला की कपड्यातलं पाणी बाहेर फेकलं जातं. वर झाकण आणि झाकणाला लॉक. डबा फिरतोय तोवर झाकण उघडता येऊ नये, म्हणून ते लॉक.

दिवाळीनंतर ते लॉक मोडलं. भोसरीहून रंगराव मिस्त्री आला. त्यानं झाकण काढलं, डबा हातानं हलवून बघितला आणि नाक मुरडलं.

“शेठ, लॉक बसवून देतो. पण नुसत्या लॉकनं भागायचं नाही. ब्रेक गेलाय, बेअरिंग खाल्लंय. मोटर बंद केली तरी डबा दोन मिनिटं फिरतोय. यात हात घालण्यापेक्षा नवीन घ्या.”

“रिपेअर केलं तर किती दिवस?”

“चार-पाच दिवस मशीन बंद ठेवावं लागेल.”

“सोमवारी तीन कंपन्यांचे सूट द्यायचेत राव. बंद कसं ठेवू? नवीनचं बघतो मी. तोवर काहीतरी जुगाड कर.”

रंगरावनं जुगाड केला. झाकणाखालचा स्विच तारेनं आवळून बांधला. आता झाकण उघडं असलं तरी मशीन चालायचं. ते रिपेअरही झालं नाही आणि नवीनही आलं नाही. चार महिने तसंच चाललं. वजन एका अंगाला गेलं की अख्खं मशीन धाडधाड नाचायचं, फरशीतले बोल्ट सैल व्हायचे, पत्र्याची भिंत थरथरायची. सुमनताईनं शेठला दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी शेठ म्हणाला, “ताई, तुला भीती वाटत असेल तर मोज्यांच्या घड्या घालायला बस. हायड्रोवर दुसरी बाई बघतो.”

ती गप्प बसली. नुसती गप्प बसली नाही, तिनं त्या मशीनशी जमवूनही घेतलं. डबा पुरता थांबायची वाट बघत बसलं तर काम मागं पडायचं. म्हणून वेग जरा कमी झाला की ती वरचा सूट चिमटीत धरून झटक्यानं ओढून घ्यायची. आणि हीच युक्ती तिनं दीक्षाला शिकवली.

दीक्षा खंदारे हायड्रोवर तिच्या जोडीला होती, तेवीस वर्षांची, जिंतूरची. बारावी झालेली, बाहेरून बी.ए. करत होती. सुमनताईच्या डब्यातलं कालवण तिला आवडायचं, दोघी एकत्र जेवायच्या.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, दीक्षानं वरचा सूट धरून ओढला. त्या सूटचा एक पाय खाली अडकलेला होता. कापडानं तिच्या मनगटाला वेढा घातला, मग कोपराला, आणि डब्यानं तिला उचलून आत खेचलं. कपाळ पिंपाच्या काठावर आपटलं. सुमनताईला आधी हाड मोडल्याचा आवाज आला, मग दीक्षाचं ओरडणं.

तिनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. मोटर थांबली. डबा थांबेना. दीक्षाचे पाय जमिनीवरून सुटले होते, आणि प्रत्येक फेऱ्याला हात अजून पिळला जात होता. सुमनताईनं पोती ठेवायच्या लाकडी पॅलेटची एक फळी उपटली आणि डब्याच्या काठावर दाबली. फळी हातातून उडाली, जाताना तिचा तळवा फाडून गेली. दुसरी फळी तिनं छातीचा भार देऊन दाबली. धूर निघाला, लाकूड जळाल्याचा वास आला, तेव्हा कुठं डबा थांबला. कात्रीनं सूट कापून दीक्षाला सोडवलं. कोपराखाली हात उरला होता, पण हाताचा आकार उरला नव्हता. भिंतीवर, धुतलेल्या सुटांवर, सुमनताईच्या तोंडावर रक्त उडालं होतं.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी दीक्षाचा उजवा हात कोपराच्या वर कापला.

दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं. आलेल्या हवालदारासमोर मुकुंदशेठ हात जोडून म्हणाला, “साहेब, मशीनला लॉक आहे. पोरीनं चालू मशीनचं लॉक उचकटून हात घातला. आजकालची मुलं, सतत मोबाईलमध्ये.” उद्या जागा बघायला येतो म्हणून हवालदार गेला. सुमनताई तळव्याला टाके घालून घेत होती. पडद्याआडून तिनं सगळं ऐकलं.

रविवारी सकाळी दीक्षाची पिशवी आणायला ती शेडवर गेली. सुट्टीचा दिवस, पण शटर अर्धं वर होतं. फरशी धुतलेली. रंगराव हायड्रोसमोर उकिडवा बसून झाकणाखालचे स्क्रू सोडत होता. तार अजून जागेवर होती. मुकुंदशेठच्या हातात खोक्यातून काढलेलं नवंकोरं लॉक होतं.

जे व्हावं म्हणून ती दोनदा बोलली होती आणि चार महिने झालं नव्हतं, ते आता होत होतं.

“रंगराव,” ती म्हणाली, “स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.”

“ताई, मला फोन आला म्हणून...”

“खाली ठेवा म्हणते.”

मुकुंदशेठ पुढं आला. “सुमनताई, आधी ऐकून घे. पोरीचा सगळा दवाखाना मी बघतो. तुझी नोकरी कुठं जात नाही. साहेब आले की एवढंच सांगायचं, लॉक होतं.”

“न्हवतं.”

“आता आहे.” त्यानं ते लॉक तिच्या तोंडासमोर धरलं. “आणि शिकवलं कुणी तिला? चालत्या डब्यात हात घालायला मी सांगितलं का? सांगू का हे साहेबांना?”

सुमनताई मला म्हणाली, त्या क्षणी तिला शेठचा राग आला नव्हता. स्वतःचा आला होता, आणि तो कुठं ठेवावा तेच कळेना. ती मशीनकडं निघाली. शेठनं तिचा दंड धरून तिला मागं ढकललं. तिचं डोकं ट्रॉलीच्या कडेवर आपटलं, भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. उठताना तिच्या हाताला लोखंडी पाइप लागला, ओल्या कपड्यांचा ढीग उचकटायला वापरायचे तो.

पहिला फटका शेठच्या लॉक धरलेल्या हातावर बसला. हाड मोडलं, लॉक उडून ड्रेनमध्ये पडलं. तो ओरडत तिच्या अंगावर आला, डाव्या हातानं तिचे केस धरून तिला भिंतीशी नेलं आणि पत्र्यावर दोनदा आपटलं. तिनं पाइप उलटा धरून त्याच्या गुडघ्यावर घातला. तो पडला. पडल्यावरही तिनं मारलं, पाठीवर, मांडीवर, तळव्याचे टाके उसवून पाइप रक्तानं निसटायला लागेपर्यंत.

“ताई, मरंल तो!” रंगराव शटरजवळून ओरडला.

ती थांबली. हायड्रोला पाठ लावून खाली बसली, पाइप मांडीवर आडवा घेतला आणि स्वतःच ११२ ला फोन लावला. “इथं मारामारी झालीय. मी मारलंय. लवकर या.” मग रंगरावला म्हणाली, “काढलेले स्क्रू तिथंच राहू द्या. या मशीनला आता कुणी रिपेअर करायचं न्हाई.”

पोलीस आले तेव्हा पाइप सोडायच्या आधी तिनं एकच अट घातली. “आधी ही तार लिहून घ्या. फोटो काढा. मग मला न्या.” फौजदार तरुण होता. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, मग वाकून झाकणाखाली टॉर्च मारला. पंचनाम्यात तार लिहिली गेली. मशीन सील झालं. दोन दिवसांनी कारखाना निरीक्षक आले, त्यांनी सुमनताईचा जबाब घेतला. चालत्या डब्यातून कपडा ओढायला आपणच दीक्षाला शिकवलं, हेही तिनं सांगितलं. तिच्या वकिलानं नंतर कपाळाला हात लावला, पण तिनं तो जबाब बदलला नाही.

मुकुंदशेठवर गुन्हा दाखल झाला. सुमनताईवरही झाला. दोघांनाही जामीन मिळाला. लॉन्ड्री बंद पडली आणि तिथल्या नऊ बायकांचं काम गेलं. त्यातल्या दोघी आमच्याच रांगेत राहतात. त्या अजून सुमनताईशी बोलत नाहीत. चिमाजीनं महिनाभर तिच्याशी शब्द काढला नाही, पण जामिनासाठी गोदामाच्या मालकाच्या दारात तोच दिवसभर उभा होता.

दीक्षा जिंतूरला निघून गेली. सुमनताईनं केलेले फोन तिनं उचलले नाहीत. मध्ये बी.ए.च्या दोन परीक्षा होऊन गेल्या.

गेल्या महिन्यात राजगुरुनगरच्या कोर्टात दीक्षाची साक्ष होती. सुमनताईनं मला सोबत नेलं. दीक्षा भावाबरोबर आली होती, उजवी बाही पिनेनं दुमडलेली. शेठच्या वकिलानं तिला विचारलं, चालत्या मशीनमध्ये हात घालायला कुणी शिकवलं?

“सुमनताईंनी,” दीक्षा म्हणाली. “आणि त्यांना त्या मशीननं शिकवलं. ते थांबतच नव्हतं.”

बाहेर आल्यावर सुमनताई पायरीवर बसली. दीक्षा येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर बसली.

“मी अजून चिडलेय तुमच्यावर,” दीक्षा म्हणाली.

“व्हय,” सुमनताई म्हणाली. “चिड.”

“डाव्या हातानं पेपर लिहिला. तीन तासांत अर्धाच झाला.”

“मग?”

“मग नापास. ऑक्टोबरला परत बसणार आहे.” दीक्षानं पाण्याची बाटली गुडघ्यांत धरली, डाव्या हातानं टोपण फिरवायला लागली. सुमनताईचा हात मदतीला पुढं झाला. दीक्षानं मान हलवली. टोपण चौथ्या खेपेला निघालं. ती प्यायली, आणि बाटली सुमनताईकडं सरकवली.