स्कूटर शिकायला गेली

भरल्या सभागृहात, हातात माइक घेऊन, मी एका बापाचं हसं केलं होतं. ते सांगायचं तर आधी तो माणूस तुम्हाला दिसायला हवा.

भाऊ आमच्या भोपाळच्या कारखान्यात फिटर. घराणं अमरावतीकडचं, पण जन्म इथलाच. मी पुण्याहून आलेला, म्हणून मला ‘पुणेकर’ म्हणायचे. एकदा गेटवर सायकलवरून उतरताना दिसले.

“भाऊ, स्कूटर कुठाय?”

“शिकायला गेली!” थोरली मुलगी मोठ्या शाळेत लागली होती, तिच्या फीसाठी स्कूटर विकली होती.

त्यांच्या घरातलं एकेक असंच शिकायला जाई. मुली तान्ह्या असताना वहिनींनी टी. टी. नगरमधली नोकरी सोडली. ती म्हणे बालवाडीत गेली. पुढे अयोध्या नगरातला प्लॉट विकला. घर बांधण्याआधीच तिथे त्यांनी आंबा लावला होता. “प्लॉट मेडिकलला लागला, पुणेकर!” म्हणत त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. गेलेल्या वस्तूसाठी हळहळताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

थोरली डॉक्टर झाली. मराठी मंडळानं सत्कार ठेवला, सूत्रसंचालन माझ्याकडे. भाऊ माइकसमोर आले. रोजचे शब्द सुचेनात, म्हणून त्यांनी एक भारदस्त शब्द काढला, तोही हिंदीतला. “मी माझ्या पोरींना चांगली शिक्षा दिली.”

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मला ते ठाऊक होतं. तरी मी विचारलं, “कसली भाऊ? अंगठे धरायची की उठाबशांची?”

सभागृह खो-खो हसलं. मुलगी हसली नाही. भाऊ पुढचं न बोलताच खाली उतरले.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी हिंदीत बोलू लागले. “नमस्ते साहब, सब बढ़िया?” बस, तेवढंच. घरी मुलींशी हट्टानं मराठी बोलणारा हा माणूस!

पुढे माझ्या मुलाच्या कोचिंगसाठी मी गाडी विकली. चिडचिड करत, त्याला ऐकवत. तेव्हा सायकल हातात धरून ताठ उभे असलेले भाऊ आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

निवृत्तीनंतर ते थोरलीकडे नागपूरला निघाले. मी त्यांना निरोप द्यायला हबीबगंज स्टेशनवर गेलो. स्टेशनचं नवं नाव अजून माझ्या तोंडी बसलेलं नाही. मुलगी न्यायला आली होती.

“अरे साहब, आप क्यों आए?” भाऊ म्हणाले.

हसं तिच्यासमोर झालं होतं, म्हणून मी आधी तिच्याकडे वळलो.

“बेटा, त्या दिवशी बाबा काय म्हणाले ते मला नीट कळलं होतं. चार लोकांनी हसावं म्हणून मी त्यांना बोललो. भाऊ, चुकलो मी. मला माफ करा.”