बाटलीवरची जुनी पट्टी

घाटकोपरला आमच्या बिऱ्हाडाची पुढची खोली म्हणजे माझा दवाखाना. चारच्या सुमारास खिडकीतून ऊन यायचं, फळीवरच्या औषधाच्या बाटल्यांतून आरपार जायचं आणि फरशीवर लाल-पिवळे डाग पाडायचं. अजूनही डोळे मिटले की ते डाग दिसतात, आणि मी त्यांच्यावर पाय न देता पलीकडे जाते. वेडेपणा, दुसरं काय.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. कंपाउंडर नव्हता, औषध मीच बनवायची. माणसं घरून बाटली आणायची, मी ती भरायची आणि कागदाची कातरलेली पट्टी खळीनं वर चिकटवायची. एक खूण म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्यांनाही ती पट्टी बरोबर वाचता यायची.

आमचे हे फोर्टात एका सॉलिसिटरकडे नोकरीला. त्यांनीच माझा विमा उतरवला. रुग्णाचं काही बरंवाईट होऊन कोर्टकचेरी झालीच, तर माझ्या बाजूनं कंपनी लढणार. त्या काळी फार थोडे डॉक्टर असलं काही करत. मी तर चिडलेच. बोहल्यावर चढतानाच काडीमोडाचा कागद करून ठेवावा, तसं वाटलं मला. विम्यात एक अट होती: कंपनीला विचारल्याशिवाय चूक कुणापाशीही कबूल करायची नाही. सही करताना मी ती धड वाचलीसुद्धा नाही.

मागच्या चाळीत कोकणातलं एक कुटुंब राहायचं. सासू, गिरणीत जाणारा मुलगा आणि नवी सून. म्हातारीला आठवडाभर खोकल्याचं औषध चाललं होतं. एके दिवशी सून तीच बाटली आतून धुऊन घेऊन आली. म्हणाली, खोकला बसला, आता गुडघा धरलाय. मी मालिशचं औषध भरून दिलं. ते पोटात गेलं तर विष. त्यावर लाल चिठ्ठी लावायची असते, ती संपली होती. ‘लावायला’ असं मी तोंडानं म्हटलं की नाही, ते देवाशपथ आठवत नाही. खोकल्याच्या औषधाची जुनी पट्टी मात्र बाटलीवर तशीच होती. ऊन त्या बाटलीतून येत होतं आणि मी त्या उन्हाकडे बघत होते, एवढं आठवतं.

सुनेनं पट्टी बघून डोस दिला. म्हातारी म्हणाली, जळतंय गं. सून म्हणाली, औषध म्हटलं की जळायचंच. दुसऱ्या डोसानंतर म्हातारीला इस्पितळात न्यावं लागलं. ती वाचली. पण शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं बोलणं चाळभर झालं: “सुनेन माका इख पाजल्यान.”

ह्यांनी कंपनीला कळवलं. निरोप आला की त्या घरी जायचं नाही आणि एक शब्द बोलायचा नाही.

“अगं, त्यांची तुझ्याविरुद्ध तक्रारच नाही,” हे म्हणाले. “ओढवून कशाला घेतेस? दवाखाना बंद पडेल तुझा.”

तक्रार नव्हती, कारण विष पाजल्याचा सगळा आळ त्या पोरीवर गेला होता. आणि मी, भांडखोर म्हणून गल्लीत प्रसिद्ध असलेली बाई, चार दिवस तोंडाला कुलूप लावून बसले. घाबरले होते, सरळ सांगते. पाचव्या दिवशी ती पोर बोचकं काखोटीला मारून भावाच्या मागून माझ्या खिडकीखालून गेली. माहेरी पाठवत होते तिला, कायमची. तिनं वर बघितलं नाही. बघितलं असतं तरी बरं झालं असतं.

तशीच चपला घालून मी चाळीत गेले. म्हातारी खाटेवर पडून होती, मुलगा उशाशी बसलेला. मी म्हटलं, चूक माझी आहे. जुनी पट्टी काढायची ती मी काढली नाही. तिनं पट्टी वाचली, बस.

म्हातारी म्हणाली, “मगे चार दिवस तुमी खंय होतात?”

मी सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि मुलाच्या हातात दिलं. तो कागद घेऊन तो तिच्या माहेरी गेला आणि बायकोला परत घेऊन आला. कोर्टात कुणी गेलं नाही. विमा मात्र गेला, अट मोडली म्हणून. हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी, आपण होऊन, लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला.

पुढे महिन्याभरानं सून दवाखान्यात आली. सासूचा खोकला परत सुरू झाला होता. बाटली तीच, पण नखानं खरवडून अगदी लख्ख केलेली. मी औषध भरलं, नवी पट्टी लावली, दोनदा सांगितलं की हे प्यायचं. तिनं मान हलवली, बूच काढलं आणि माझ्यासमोर उभ्याउभ्या पहिल्या खुणेपर्यंतचं औषध स्वतः पिऊन टाकलं.

“अगं, हे काय?”

“घरी असंच करूक लागता, डॉक्टरीणबाई,” ती शांतपणे म्हणाली. “आधी मी, मग सासू. म्हटलं, आज हयच पिते, तुमका पण दिसांदे.”

बाटली पदराखाली घेऊन ती पायरी उतरली. फरशीवर डाग होते, तिनं त्यांच्यावरच पाय दिला.

पुढे त्या घरची बाटली भरताना मी पट्टीच्या वर एक डोस जास्त भरत असे, सुनेच्या वाटणीचा. म्हातारी होती तोवर भरला.